एकाच नावाची दोन कार्डं

एकाच कंपनीने, एकाच नावाने, जवळजवळ सारख्याच खोक्यांत दोन वेगळ्या वस्तू विकाव्यात आणि त्यातली एक दुसरीपेक्षा सरळसरळ हलकी असावी, याला माझ्याकडे एक शब्द आहे. तो मी इथे लिहीत नाही. मुलीने बजावलं आहे, "चिडून लिहिलंत तर लोक तुम्हालाच हसतील." म्हणून झालं ते क्रमाने सांगतो.

आम्ही नालासोपारा पश्चिमेला राहतो. वसईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो. गाडीतून उतरलेला माल चलनाशी ताडून बघायचा आणि मगच सही करायची, हे काम बावीस वर्षं करतो आहे. आमच्या इमारतीत मोठी खरेदी एकत्र करायची पद्धत आहे आणि ती मीच पाडली. गासच्या एका शेतकऱ्याकडून तांदूळ येतो. मे महिन्यात पाचूबंदरहून सुके बोंबील आणि सुकट येते. कोणाला किती हवं ते मी फोनवरच्या ग्रुपमध्ये विचारतो, बेरीज करतो आणि भाव ठरवतो. नग वाढले की भाव उतरतो, हा माझा अनुभव आहे, आणि इतक्या वर्षांत तो खोटा ठरला नव्हता.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्ष तिने आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून दहावीच्या मुलांना गणित शिकवलं आणि बहात्तर हजार रुपये जमवले. त्या पैशांत तिला खेळण्यासाठीचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून स्वतः जोडायचा होता. अभ्यासाला उपयोगी पडेल, असं ती एकदाही म्हणाली नाही. "खेळायला हवाय," असं सरळ म्हणाली. मला ते आवडलं. पैसे तिचे, हौस तिची, आणि बहात्तर हजारांत सगळं एकदाच बसवायचं होतं. चुकलं तर दुसरे बहात्तर हजार नव्हते.

अशा कॉम्प्युटरचा सगळ्यात महाग भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. खेळातली चित्रं पडद्यावर काढण्याचं काम ते करतं. एका सेकंदात जितकी चित्रं काढेल, तितका खेळ सुरळीत चालतो. त्या चित्रांना फ्रेम म्हणतात. कार्डाला स्वतःची मेमरीही असते. दुकानात दहा हजारांपासून दोन लाखांच्या वरपर्यंत कार्डं मिळतात आणि आमच्यासारख्यांची सगळी ओढाताण मधल्या फळीत असते. तिथेच नावं जास्त, फरक बारीक आणि फसायला जागा भरपूर.

तिने तक्ता केला होता. किंमत, मेमरी, वीज किती खातं, तिच्या आवडीच्या चार खेळांत सरासरी फ्रेम किती. तीन रविवार आम्ही दोघं त्या तक्त्यावर बसलो. मी त्यात एक रकाना वाढवला, एका फ्रेमला किती रुपये पडतात याचा. आधी ती हसली. मग म्हणाली, "राहू दे, बरा आहे." विरारच्या एकाकडे जुनं कार्ड अर्ध्या किमतीत मिळत होतं. तिने त्याला फोन करून दोनच प्रश्न विचारले आणि ठेवून दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोन वर्षं रात्रंदिवस चालू होतं, बाबा. ती बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी काढायच्या धंद्यात. आता दमलेला बैल विकतोय."

शेवटी एक कार्ड ठरलं. मेमरी आठ जीबी, किंमत साडेचोवीस हजार, सरासरी साठ फ्रेम. म्हणजे फ्रेमला चारशे आठ रुपये. यादीत याहून कमी कोणाचंच नव्हतं. आठच का, हेही तिने मला नीट सांगितलं होतं. सहा जीबीत नवे खेळ मावत नाहीत, मध्येच अडखळतात. मी ऐकलं होतं. मला समजलंही होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं मी अज्ञानातून केलं असं म्हणायची सोय मला नाही.

तिची परीक्षा जवळ आली होती. मी म्हटलं, "तू अभ्यास कर, भावाचं मी बघतो."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिचं तिला घेऊ द्या. प्रत्येक गोष्टीत घाऊक भाव कशाला?"

मी ऐकलं नाही. ग्रुपमध्ये विचारलं. इमारतीत आणखी तिघांना कार्ड हवं होतं, आणि तांदूळ देणाऱ्या गासच्या शेतकऱ्याला त्याच्या मुलासाठी एक. पाच नग झाले. वसई-विरारमधल्या पाच दुकानांना मी एकच मेसेज पाठवला. त्यात कार्डाचं नाव होतं आणि पुढे, "पाच नग. रोख. शेवटचा भाव कळवा." पारदर्शकपणा म्हणून तोच मेसेज ग्रुपमध्येही टाकला.

चार दुकानांचे भाव चोवीस ते साडेचोवीस हजारांच्या मधले आले. पाचव्याने एकवीस हजार तीनशे सांगितला. मी संशयी माणूस आहे. लगेच फोन लावला.

"एवढा कमी कसा?"

"काका, पाच पीस घेताय ना तुम्ही," दुकानदार म्हणाला.

या एका वाक्याने माझा संशय मिटला. दुसऱ्या कुठल्याही कारणाने मिटला नसता. माल कमी दर्जाचा नाही ना, असं मी गोड बोलणाऱ्याला दहा वेळा विचारलं असतं. पण नग जास्त म्हणून भाव कमी, हे तर माझंच शास्त्र. तो माझ्याच तोंडचं बोलला आणि मला ते खरं वाटलं.

शनिवारी वसईला जाऊन मी पाच खोकी रिक्षातून आणली. दुकानात मोजली. सीलं पाहिली. पाचही खोक्यांवरचं नाव बिलावरच्या नावाशी ताडलं. जुळलं. एकच बिल माझ्या नावावर केलं आणि ग्रुपमध्ये लिहिलं, "प्रत्येकी बत्तीसशे वाचले. एकूण सोळा हजार." त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी सुखावलो होतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी हॉलमधली सतरंजी गुंडाळून मुलगी कॉम्प्युटर जोडायला बसली. सगळे भाग आठवड्याभरात आले होते, कार्ड तेवढं राहिलं होतं. ते तिने जागेवर बसवलं. त्याला वेगळी वीज द्यावी लागते, म्हणून त्याची केबल आधीच ओढून तयार ठेवली होती. ती केबल हातात घेऊन ती कार्डावर सॉकेट शोधत राहिली. कार्ड पुन्हा काढलं. उलटसुलट केलं. मग खोकं जवळ ओढून त्याचा खालचा कोपरा वाचला.

"बाबा, हे ते कार्ड नाही."

"नाही कसं? नाव वाच."

"नाव तेच आहे. कार्ड ते नाही."

कोपऱ्यात बारीक अक्षरांत सहा जीबी लिहिलं होतं.

मला वाटलं, दोन जीबीचाच काय तो फरक. तिने शांतपणे समजावलं, आणि त्या शांतपणाचंच मला जास्त लागलं. फक्त मेमरी कमी नव्हती. आतले काम करणारे भाग कमी होते, मेमरीपर्यंतचा रस्ता अरुंद होता. काम कमी, म्हणून वीज कमी, म्हणून केबलची जागाच नाही. तिने लगेच या कार्डाच्या चाचण्या शोधल्या. तिच्या त्याच चार खेळांत साठच्या जागी पंचेचाळीस फ्रेम. मी गणित केलं. एकवीस हजार तीनशे भागिले पंचेचाळीस. फ्रेमला चारशे त्र्याहत्तर रुपये. स्वस्त म्हणून आणलेलं कार्ड महागातलं निघालं. पंचवीस टक्के काम कमी आणि किंमत तेरा टक्केच कमी. आणि नाव तेच.

मी तसाच वसईला गेलो. दुकानदार पस्तिशीतला, बोलायला गोड. त्याने माझं ऐकून घेतलं आणि फोन काढून माझाच मेसेज माझ्यापुढे धरला.

"काका, यात आठ कुठे लिहिलंय दाखवा."

"सहा तरी कुठे लिहिलंय?"

"म्हणून तर मी स्वस्तातलं दिलं. गिऱ्हाईक लास्ट प्राइस विचारतं, तेव्हा आपण लास्टच सांगतो ना."

"मी फोन केला होता. भाव कमी का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पाच नग आहेत म्हणून."

"मग सोडले ना पाच पीसचे. याचा रेट एकवीस-चार आहे. पीसमागे शंभर सोडले."

म्हणजे माझ्या घाऊक खरेदीची सगळी मिळकत पाचशे रुपये. आणि मी सोळा हजार जाहीर करून बसलो होतो.

"बरं, परत घ्या. वरचे पैसे भरतो, आठचं द्या."

"एका बिलावर पाच पीस आहेत. पाचही सीलपॅक आणा, घेतो. फोडलेला माल वर कंपनीला रिटर्न होत नाही, काका. आणि बिल तर तुम्हीच एक करा म्हणालात."

हे मात्र खरं होतं. मीच म्हणालो होतो. मुलीचं खोकं उघडलेलं होतं. इमारतीतल्या तिघांनी तर शनिवारी संध्याकाळीच कार्डं बसवून टाकली होती. त्याने मला कायद्याने फसवलं नव्हतं, याचा मला जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. खऱ्याचा अर्धाच तुकडा हातावर ठेवणाऱ्याशी कसं भांडायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

घरी आल्यावर ग्रुपमध्ये दुरुस्ती टाकली. कार्डं आठची नाहीत, सहाची आहेत. बत्तीसशे वाचले नाहीत, शंभर वाचले. चूक माझी, ज्यांना परत करायचं आहे त्यांचं नुकसान मी सोसेन. मला वाटलं होतं, लोक चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ जिन्यात भेटले.

"अहो, नाव तेच आहे ना? मग झालं. खेळ चालतोय, पोरगा खूश."

"पण तुम्ही ज्याचे पैसे दिलेत ते मिळालेलं नाही."

"असं प्रत्येक गोष्टीत बघत बसलो तर जगणं होईल का?"

बँकेत नोकरी करणारा माणूस हे म्हणतो. त्यांच्या काउंटरवर शंभराच्या नोटेऐवजी कोणी पंच्याहत्तर दिले आणि वर म्हणाला, रंग तोच आहे, तर ते घेतील का? हे मी त्यांना विचारलं. ते हसून वर निघून गेले. कंपन्यांना असं वागायचं बळ कुठून येतं, हा प्रश्न मला त्या जिन्यात उरला नाही.

गासचा शेतकरी तांदळाची पोती घेऊन टेंपोने आला, तेव्हा त्यालाही सांगितलं. त्याने पोतं उतरवलं, घाम पुसला.

"भाऊ, माझ्या पोत्यात तुमी कोपरापर्यंत हात घालून तळचा तांदूळ काढता. दर वर्षी. माझ्यावर इस्वास नाय म्हनून नव्हे, तुमची रीत हाय म्हनून. मी कदी रागावलो?"

"नाही."

"मग तिथं हात का नाय घातला? दुकानात एसी होता म्हनून?"

त्याने कार्ड ठेवून घेतलं. मुलगा त्यावर गाड्यांचा खेळ खेळतो म्हणे, त्याला पुरतं. पण मी फरकाच्या पैशांचं बोलायला लागलो तेव्हा त्याने हाताने थांबवलं आणि पोत्याचं तोंड सोडून म्हणाला, "आदी हे बगून घ्या."

मी कंपनीला पत्र लिहिलं. त्याआधी पट्टीने खोकं मोजलं. समोरच्या बाजूला नावाची अक्षरं अठ्ठावीस मिलिमीटर उंच. मेमरीचा आकडा कोपऱ्यात, चार मिलिमीटर. आतले काम करणारे भाग किती, ते कुठेच नाही. ही सगळी मापं देऊन मी विचारलं, की हलक्या मालाला वेगळं नाव का देत नाही? अकरा दिवसांनी उत्तर आलं. आमच्या उत्पादनात रस घेतल्याबद्दल आभार, आवश्यक माहिती खोक्यावर छापलेली आहे, आपला अनुभव कसा वाटला ते एक ते पाच ताऱ्यांत कळवा. हलका आणि भारी, दोन्ही तांदूळ एकाच नावाच्या पोत्यात भरून विकणाऱ्याला आमच्या बाजारात दुसऱ्या दिवशी उभं राहता येणार नाही. इथे तोच उद्योग चकचकीत खोक्यात होतो आणि वर तारे मागतात.

मुलीचा कॉम्प्युटर कार्डाशिवायही चालू होत होता. त्यावर लिहिणं, बघणं होत होतं, तिचे खेळ नाही. ते सहाचं कार्ड लावून खेळायला ती तयार नव्हती. "एकदा लावलं की जुनं होईल, आणखी पडेल भाव," म्हणाली. ते विकायचं ठरलं. जाहिरात मी लिहिली. पहिलंच वाक्य: हे कार्ड सहा जीबीचं आहे, आठचं नाही. त्याखाली दोघांतला सगळा फरक. त्याच नावाची इतर कार्डं त्याच पानावर होती, कोणीही आकडा लिहिलेला नव्हता, आणि ती दोन-तीन दिवसांत जात होती. आमच्याकडे तीन आठवडे कोणी फिरकलं नाही.

"हे पहिलं वाक्य काढलं तर उद्या विकलं जाईल," मुलगी म्हणाली.

"काढू?"

तिने माझ्याकडे बघितलं. "विचारताय कशाला? तुम्हीही काढणार नाही, मीही नाही."

पाचव्या आठवड्यात विरारच्या एका माणसाने साडेसोळा हजारांना नेलं. सगळं वाचून, समजून नेलं. अठ्ठेचाळीसशेचं नुकसान झालं. ते माझं, असं मी धरून चाललो होतो. मुलगी म्हणाली, निम्मं माझं.

"तुझं कसं? मेसेज मी लिहिला."

"मी ग्रुपमध्ये वाचला होता. त्यात आठ नव्हतं, ते मला दिसलं होतं. वाटलं, बाबा फोनवर बोलले असतील. बाबा चुकतात असं मी धरलंच नाही."

मी वाद घातला. ती म्हणाली, मग मी कार्ड घेतच नाही. माझ्या कामात बावीस वर्षांत मी अनेकांच्या सबबी ऐकल्या आहेत, पण सबब न सांगता दोष अंगावर घेणारं माणूस क्वचित. मला तिचे चोवीसशे कापून घ्यावे लागले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. दीड वर्ष गणित शिकवून तिने मिळवलेल्या पैशांतून, एका खोक्यावरच्या चार मिलिमीटर अक्षरांचा दंड तिने भरायचा.

आठचं कार्ड तोवर इकडच्या दुकानांतून संपत आलं होतं. भाव पंचवीस हजार दोनशे झाला होता. विचारपूस केली तर शिल्लक नेमकी त्याच दुकानात. मी म्हटलं, मुंबईला जाऊ. ती म्हणाली, "का? तिथे मिळतंय तर तिथेच घेऊ. या वेळी तुम्ही फक्त उभे राहा."

मी उभा राहिलो. तिने खोकं मागितलं, कोपरा वाचला. मग म्हणाली, "फोडा."

"ताई, फोडलं की रिटर्न नाही."

"फोडून बरोबर निघालं तर रिटर्न कशाला करू?"

त्याने फोडलं. तिने कार्ड उचलून केबलची जागा बघितली, मागचा क्रमांक फोनवरच्या क्रमांकाशी ताडला. पैसे मोजून दिले. बिल आलं. बिलावर फक्त नाव होतं.

"यावर आठ जीबी लिहा."

"सॉफ्टवेअरमध्ये तेवढंच येतं."

"पेनाने लिहा. खाली सही, शिक्का."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचे माउस बघत होतो. त्याने लिहिलं.

आमच्या मागे एक बाई उभ्या होत्या. हातात घडी घातलेला कागद, बहुधा घरून कोणी लिहून दिलेला. त्यांनी तो काउंटरवर ठेवला. कागदावर तेच नाव.

"हे केवढ्याला पडेल?" त्यांनी विचारलं.

"एकवीस-चार. तुम्हाला एकवीस-तीनला देतो," दुकानदार म्हणाला आणि मागच्या फळीकडे वळला.

मुलगी दारापर्यंत पोचली होती. ती परत आली.

"मावशी, यात दोन येतात. सहाचं आणि आठचं. घरी कुठलं सांगितलंय?"

बाईंनी कागद पुन्हा वाचला. "असं काही लिहिलेलं नाही."

"मग फोन करून विचारा. आम्ही विचारलं नव्हतं."

"ताई, तुमचं झालं ना?" दुकानदार म्हणाला. "माझं गिऱ्हाईक कशाला बिघडवता?"

"बिघडवत नाही. दोन्ही खोकी समोर ठेवा, त्या बघतील."

तो जागचा हलला नाही. बाईंनी फोन लावून कानाला धरला होता. पलीकडून कोणी उचललं असावं, कारण त्या दुकानदाराकडे बघत म्हणाल्या, "आठचं सांगतोय. ते दाखवा आधी."

त्याने स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरचं खोकं काढायला चढला.